वांग हाय, ऊन टाळ

आमच्या आळीत तोंडावरच्या डागांना फारशी नावं नव्हती. मुरुमाला पुळी म्हणत, घामोळ्याला घामोळं म्हणत, आणि आईच्या दोन्ही गालांवर जे पसरलं होतं त्याला नुसतं 'काळं' म्हणत. 'हिच्या तोंडावर काळं आलंय,' एवढंच. म्हणणारीच्या मनात वाईट नसायचं. पण तोंड आणि काळं हे दोन शब्द शेजारी बसले, की त्यांचा अर्थ म्हणणारीच्या हातात राहत नाही. ऐकणारीला तो बरोबर लागतो.

आईला हे काळं माझ्या धाकट्या भावाच्या वेळी, दिवस गेले असताना आलं. बाळंतपण झालं की जाईल असं सगळ्या म्हणाल्या. भाऊ चालायला लागला, शाळेत गेला, त्याला मिशी फुटली, तरी ते गेलं नाही. नाकाच्या दोन्ही बाजूंना आणि वरच्या ओठावर, फरशीवर चहा सांडून वाळला की राहतो तसा, स्पष्ट कडा असलेला तपकिरी डाग. दुखत नव्हता, खाजत नव्हता. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी डॉक्टरकडे जायची आमच्या घरी पद्धत नव्हती.

नागावात समुद्राच्या बाजूला नारळीपोफळीच्या वाड्या आहेत, आणि आता बहुतेक वाड्यांत पाहुण्यांसाठी खोल्या आहेत. त्यातल्या एका वाडीचं स्वयंपाकघर आई सांभाळते. तिच्या हातचे घावणे खाऊन मुंबई-पुण्याची माणसं स्वयंपाकघराच्या दिशेने बघत विचारतात, हे कोणी केलं. मग वाडीच्या मालकीण, त्यांना आम्ही काकू म्हणतो, हाक मारतात. आई दारापर्यंत यायची, पदराचं टोक दातात धरून मान हलवायची आणि आत जायची. वाढायला दुसरी बाई असायची. आमच्या घरातले फोटो काढून बघितले तर आई प्रत्येक फोटोत कुणाच्या तरी मागे आहे. एका लग्नातल्या फोटोत तर तिच्यापुढे मांडवाचा खांब आहे. ती तिथे मुद्दाम उभी राहिली होती हे मला फार उशिरा कळलं.

माझं शिक्षण तिच्यामुळे झालं, हे मी सांगण्यात नवीन काही नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा अलिबाग-रेवदंडा रस्त्यावर सहा सीटर रिक्षा चालवतात. बारावीनंतर नातेवाइकांत माझ्या लग्नाची बोलणी सुरू झाली, तेव्हा आईने सगळ्यांना चहा दिला आणि बाबांना सांगितलं, की पोरीला पनवेलला सोडून या. रसायनशास्त्र म्हणजे काय हे तिला माहीत नव्हतं. तिने एकदाच विचारलं होतं, त्यात जीवाला धोका नाही ना. मी नाही म्हटलं, आणि तेवढं तिला पुरलं.

मी पास झाले, पनवेलजवळच्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले, आणि कॉलेजकडून निरोप आला, की हिवाळा संपता संपता पदवीदान समारंभ आहे. काळा गाऊन, टोपी, आईवडिलांसह यावे. मी लगेच दोघांनाही फोन केले. बाबांनी रिक्षा स्टँडवर सगळ्यांना तेव्हाच सांगून टाकलं, फोन चालू असतानाच. आई मात्र म्हणाली, "तू ये घेऊन. आपण घरी बघू. तुझ्या फोटोत माझं काळं तोंड कशाला?"

तिने हे रागाने किंवा रडून म्हटलं नव्हतं. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं म्हटलं होतं. मला त्या समारंभातून खरं तर एकच गोष्ट हवी होती, की आई माझ्या शेजारी उभी असावी. शेजारी, कुणाच्या मागे नाही.

आता माझ्या तोंडाविषयी थोडं सांगायला हवं, कारण गोष्ट तिथूनच पुढे सरकली.

मला नववीत असताना पुळ्या यायला लागल्या, आणि आल्या त्या अगदी मनापासून आल्या. कपाळ, गाल, हनुवटी. वर्गातली मुलं मला रवाळ लाडू म्हणायची. घरगुती उपायांत मी काही बाकी ठेवलं नाही. टूथपेस्ट लावली, लिंबू चोळलं, तुरटी फिरवली, जायफळ उगाळून लावलं. जायफळाने एवढंच झालं, की दिवसभर मला श्रीखंडाचा वास यायचा. शिवाय मी पुळ्या फोडायची. नखाने, पिनेने, आरसा दिसेल तिथे. त्या बसल्या, पण जाताना गालांवर खड्डे आणि काळपट ठिपके ठेवून गेल्या. पनवेलच्या वसतिगृहात एका मैत्रिणीने मेडिकलमधून आणलेली गोरं करणारी ट्यूब दिली. पहिल्या महिन्यात माझा चेहरा असा तुकतुकीत झाला, की मला वाटलं आपलं नशीब उघडलं. पुढे तो लाल व्हायला लागला, उन्हात गेलं की चरचरायचा, आणि नव्या पुळ्या जुन्या पुळ्यांच्या डोक्यावर उगवल्या. रसायनशास्त्राची विद्यार्थिनी असून त्या ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते मी वाचलं नव्हतं.

नोकरी लागल्यावर प्रयोगशाळेतल्या एका बाईंनी मला एका त्वचेच्या डॉक्टरांचा पत्ता दिला. या डॉक्टर बोलायला तुटक, पण मायाळू होत्या. ट्यूब बघून त्यांनी ती माझ्या हातातून घेतली आणि स्वतःच्या खणात ठेवली. त्यात स्टेरॉइड आहे, म्हणाल्या, आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय असलं काही तोंडाला लावायचं नाही. रात्री लावायचं एक मलम दिलं, मुगाच्या दाण्याएवढं, सगळ्या चेहऱ्याला. सकाळी सनस्क्रीन. पुळीला हात लावायचा नाही. ठिपके हळूहळू फिके होतील, पण खड्डे मलमाने भरत नाहीत, त्यांचा इलाज वेगळा, आणि तो पुळ्या पूर्ण थांबल्यावर. "घाई केलीस तर मी तुला ओळखणार नाही," असं म्हणून त्या हसल्या.

निघताना मी धीर करून मोबाइलमधला आईचा फोटो दाखवला. लपून काढलेला होता, ती नारळ खवत बसलेली. डॉक्टरांनी तो बोटांनी मोठा करून बघितला. "हे वांग आहे," त्या म्हणाल्या. "गरोदरपणात येतो, उन्हाने वाढतो. समक्ष बघितल्याशिवाय औषध देणार नाही. घेऊन ये. तोपर्यंत ऊन टाळायला सांग."

हा शब्द मी पूर्वी कुठेतरी वाचला असेन, पण आईच्या तोंडाशी तो कधी जोडला नव्हता. मला इतका आनंद झाला, की मी दवाखान्याच्या पायरीवरूनच फोन लावला. आई स्वयंपाकघरात होती. तिच्याकडे मिक्सर चालू होता, माझ्या बाजूने हायवेवरचे कंटेनर जात होते. घरच्यांशी बोलताना मी घरचंच बोलते. मी ओरडून म्हटलं, "आई, डॉक्टर बोलल्या, वांग हाय. ऊन टाळ."

"काय हाय?"

"वांग हाय! ऊन टाळ!"

मिक्सर क्षणभर थांबला. "बरं," आई म्हणाली. "टाळते." आणि मिक्सर पुन्हा सुरू झाला.

दिवाळीला घरी गेले तेव्हा माझ्या लक्षात काही आलं नाही. फक्त जेवताना बाबा ताटाकडे जरा दुःखाने बघत होते. त्यांना भरलं वांगं इतकं आवडतं, की आई एखाद्या दिवशी त्यांच्यावर चिडली तर त्या दिवशी मुद्दाम भेंडी करायची. मी विचारलं, वांगी महागली का. बाबांनी माझ्याकडे बघितलं, मग आईकडे बघितलं, आणि म्हणाले, "तुम्ही शिकलेली माणसं. तुम्ही सांगाल तसं." मला वाटलं माझ्या नोकरीचं कौतुक चाललंय. मी नम्रपणे मान खाली घातली.

आईचा चेहरा जास्तच गडद झालेला दिसला. मी म्हटलं, तू टाळतेस ना. ती म्हणाली, "एकदासुद्धा तोंडात घातलं नाय." उन्हाच्या बाबतीत हे उत्तर जरा चमत्कारिक होतं. पण सणाच्या गडबडीत माणूस प्रत्येक वाक्य तपासून बघत नाही.

सगळा उलगडा जानेवारीत, पोपटीच्या दिवशी झाला. आमच्याकडे हिवाळ्यात वालाच्या शेंगा आल्या की पोपटी लावतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, कांदे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी आणि वांगी, वर पुन्हा पाला. मग मडकं जमिनीवर उपडं ठेवून भोवती सुक्या झावळ्या पेटवायच्या. पाहुण्यांना त्याचं भारी अप्रूप असतं. त्या शनिवारी वाडीत मुंबईच्या मुलींचा एक घोळका उतरला होता आणि मी सुट्टीवर आले होते. बाबा रिक्षातून कोंबड्या घेऊन आले होते आणि पोपटी होईपर्यंत थांबायचा त्यांचा बेत उघड दिसत होता. ऊन कलतं झालं होतं. आई पाठमोरी बसून शेंगांना मीठ-ओवा चोळत होती, मडकं भरत आलं होतं.

काकू आल्या, मडक्यात डोकावल्या आणि म्हणाल्या, "वांगी कुठायत?"

"वांगी नाय घालायची, वहिनी."

"का गं?"

"ऊन असतात," आई म्हणाली.

आमच्याकडे ऊन म्हणजे सूर्याचं ऊन, आणि ऊन म्हणजे गरमही. ऊन ऊन भात म्हणतात तसं. अंगात उष्णता करणाऱ्या पदार्थालाही आई ऊनच म्हणते. काकूंनी कपाळाला हात लावला. पोपटीत वांगं नसेल तर पाहुण्यांना काय सांगायचं, असं त्या पुटपुटल्या. तेव्हा आई उठली, आणि माझ्या डोळ्यांदेखत एक अशक्य गोष्ट झाली. ती स्वतःहून पाहुण्यांशी बोलली. घोळक्यातल्या एका मुलीच्या गालावर माझ्यासारख्याच पुळ्या होत्या. आई तिला फार मायेने म्हणाली, "बाय, तू पण वांगं खाऊ नको. तोंडावर येतं. माझी मुलगी पनवेलच्या मोठ्या डॉक्टरला विचारून आलीय. ती ग्रॅज्युएट हाय, रसायनात. आमच्या आळीत आता कुणी वांगं खात नाय."

त्या मुली आदराने माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, मी असं कधी सांगितलं?

"फोनवर. दवाखान्यातून फोन केलास तेव्हा." आईने आठवून, एकेक शब्द सुटा करून म्हटलं, "तूच बोललीस. वांगं हाय ऊन, टाळ."

मी ते मनात म्हणून बघितलं. मग मोठ्याने म्हटलं, पण मधे थांबून, जिथे मी थांबले होते असं मला वाटत होतं तिथे. "वांग हाय." आणि थोड्या वेळाने, "ऊन टाळ."

काकूंना सगळ्यांत आधी कळलं. त्या पोफळीला धरून हसायला लागल्या. मुलींनी एकमेकींना समजावून सांगितलं, मग त्याही सुटल्या. बाबा हसले नाहीत. ते दगडावर बसले होते, तिथूनच त्यांनी हळूच विचारलं, "म्हणजे दसऱ्यापासून मी उगाच?"

"तुमचं काय उगाच?" आई म्हणाली. "तुम्ही तर नाक्यावर खात होता. घरी आलात की मला वास यायचा."

बाबा कोंबड्या बघायला म्हणून उठून गेले.

आई मात्र हसत नव्हती. माझ्याजवळ येऊन तिने खालच्या आवाजात विचारलं, "मग वांग म्हणजे काय?" मी तिला डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. तुझ्या गालावर आहे त्याचं नाव वांग. गरोदरपणात येतो, खूप बायकांना असतो, उन्हाने गडद होतो. त्याच्यावर औषध असतं. तिने ओल्या हाताच्या पाठीने गाल पुसला.

"म्हणजे हे काळं नाय."

"नाही."

"वांग," ती स्वतःशी म्हणाली. चव बघावी तसं. आणि मग तिला हसू आलं, आतून, खांदे हलवत. "आणि मी वांगं सोडून रोज उन्हात जवळा वाळवत बसले." मग तिने काकूंना विचारलं, की मागच्या वाफ्यातली वांगी घेतली तर चालतील का. मडकं अजून पेटवायचं होतं. वांगी धुऊन, चिरा देऊन, मसाला भरून आत गेली. झावळ्या विझत आल्यावर आईने मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्र झालं, पोपटी झाली. बाबांच्या पानात पहिलं वांगं तिनेच वाढलं.

मला वाटलं, ही गंमत इथे संपली. पण आईच्या दृष्टीने एक काम उरलं होतं. तिने माझं नाव घेऊन आख्ख्या आळीला वांगं सोडायला लावलं होतं. उद्या लोक म्हणतील पोरगी शिकून आली आणि उलटंसुलटं सांगते, हे तिला चालणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी, मी निघायच्या आधी, ती घरोघर निघाली. मी सोबत येऊ का म्हटलं, तर म्हणाली, "चूक मी ऐकली, मी सांगते." मी अंगणातून बघत होते. प्रत्येक दारात ती उभी राहायची, पदर बाजूला करायची आणि गालावर बोट ठेवून सांगायची, की हे वांग, ते वांगं, हे वेगळं आणि ते वेगळं. पदर बाजूला केल्याशिवाय ते समजावता येत नव्हतं. मासळी विकणाऱ्या मावशींच्या दारात तर ती बराच वेळ थांबली, कारण त्यांनीही पदर बाजूला केला. त्यांनाही होता.

पुढच्या सुट्टीला मी तिला पनवेलला डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टरांनी तिचं तोंड उजेडाकडे वळवून बघितलं, काम काय करता ते विचारलं. आईने चुलीचं सांगितलं, कारण पाहुण्यांना चुलीवरच्या भाकऱ्या हव्या असतात. डॉक्टर म्हणाल्या, उन्हाबरोबर चुलीची धगही जपायला हवी. आईने विजयी मुद्रेने माझ्याकडे बघितलं. "म्हणजे ऊनच की," ती म्हणाली, आणि मग डॉक्टरांना तिने वांग्याची सगळी हकीकत सांगितली. डॉक्टरांना इतकं हसू आलं, की त्यांनी बाहेरच्या बाईंना आत बोलावून ती पुन्हा सांगायला लावली.

मग आईने ज्यासाठी ती खरं तर आली होती ते विचारलं. "हिचा समारंभ हाय. काही आठवड्यांवर आलाय. तोपर्यंत जाईल?"

"नाही," डॉक्टर म्हणाल्या. त्यांनी खोटी आशा दाखवली नाही. काही महिन्यांत फिका होईल, पूर्ण जाईल असं वचन देत नाही, आणि ऊन लागलं की परत डोकं वर काढतो. रोज सनस्क्रीन, भरपूर, दुपारी पुन्हा. डोक्यावर टोपी किंवा छत्री. रात्रीचं मलम सांगितलं तेवढेच दिवस लावायचं.

परतताना एसटीत ती खिडकीतून बाहेर बघत होती. वडखळ गेल्यावर मला म्हणाली, "तू ये घेऊन. आपण घरी बघू." बाबांनी नंतर फोनवर मला सांगितलं, की तू आग्रह कर, तुझं ऐकेल. मी केला नाही. तिने आयुष्यभर माझं ऐकलं होतं, चुकीचं ऐकू आलं तेसुद्धा तंतोतंत पाळलं होतं. हे एक तिचं तिने ठरवावं असं मला वाटलं. बाबांना मी एवढंच म्हटलं, की दोन खुर्च्या सांगून ठेवते.

समारंभाच्या सकाळी मी कॉलेजच्या फाटकापाशी उभी होते. गाऊन अंगात घातला होता, टोपी हातात. माझ्या चेहऱ्यावर नव्या पुळ्या नव्हत्या, पण खड्डे होते तसे होते. माझ्याबरोबरच्या मुलींनी पार्लरला जाऊन काहीबाही थापून घेतलं होतं. मी फक्त सनस्क्रीन लावलं होतं. येणाऱ्या प्रत्येक रिक्षेकडे मी बघायची आणि मग बघत नव्हते असं दाखवायची. अखेर बाबा दिसले. नवा शर्ट, केसांना तेल. ते एकटेच चालत आले. मी काही विचारायच्या आत ते म्हणाले, "येतेय. रस्ता ओलांडत नाय. टोपी उडेल म्हणते."

रस्त्याच्या पलीकडे आई होती. जांभळी साडी, आणि डोक्यावर रिबीन लावलेली रुंद काठाची गवती टोपी, वाडीत कुणी पाहुणी विसरून गेलेली. एका हाताने टोपी आणि दुसऱ्या हाताने पदर धरून ती वाहनं थांबायची वाट बघत होती. जवळ आली तेव्हा दिसलं, की चेहरा पांढराफटक आहे, पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा. डाग त्या पांढऱ्याखालून स्पष्ट दिसत होते.

"जास्त झालं का गं?" तिने विचारलं.

"थोडं."

"डॉक्टर भरपूर बोलल्या," ती म्हणाली. "आणि ऐकलंय मी या वेळी नीट."

समारंभात माझं नाव पुकारलं तेव्हा टाळ्यांत बाबांची शिट्टीही ऐकू आली. रिक्षा स्टँडची शिट्टी, ती लपत नाही. मग मैदानावर फोटोसाठी रांग लागली. आमच्या पुढे कोळीवाड्यातली एक बाई होती, तिचा मुलगा माझ्याच वर्गातला. तिने आईकडे निरखून बघितलं आणि सरळ विचारलं, "तुमच्या तोंडावर काय झालंय?" माझा हात आपोआप आईच्या हाताकडे गेला. आई मात्र अगदी सहज म्हणाली, "वांग हाय. उन्हाचा असतो. वांगं खाल्लं तरी चालतं." त्या बाईला शेवटचं वाक्य कळलं नाही, पण तिने डॉक्टरांचा पत्ता मागून घेतला.

आमची पाळी आली. फोटोग्राफर तरुण आणि उत्साही होता. त्याने आईला टोपी काढायला सांगितली. तिने ती बाबांच्या डोक्यावर ठेवली, कारण दुसरीकडे ठेवायला जागा नव्हती. मग ती माझ्या मागे गेली. सवयीने. मी काही म्हणायच्या आधीच स्वतःच्या लक्षात आलं तशी ती पुढे आली आणि माझ्या शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. तिच्या अंगाला खोबऱ्याचा आणि सनस्क्रीनचा मिसळलेला वास येत होता.

फोटो काढून झाल्यावर त्याने तो आम्हाला छोट्या पडद्यावर दाखवला. मग आईला खूश करायला म्हणाला, "मावशी, हे डाग मी कॉम्प्युटरवर काढून देतो. ताईंचे खड्डेपण. एका मिनिटाचं काम."

आईने पडद्याकडे बघितलं. आधी माझ्याकडे, मग स्वतःकडे. मला कळत होतं की तिच्या मनात काय चाललं असेल. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी ते सगळं पुसून द्यायला तयार होतं, आणि तेही माझ्या समारंभाच्याच दिवशी.

"नको," ती म्हणाली. "असूदे तसेच. डॉक्टरांना दाखवायचाय. पुढच्या खेपेला किती कमी झालं ते कशावरून बघणार?"

फोटोग्राफर जरा हिरमुसला. तिने त्याला दोन प्रती सांगितल्या. एक घरी लावायला आणि एक दवाखान्यात न्यायला. घरची प्रत आता दाराच्या समोरच्या भिंतीवर आहे, आणि तिच्यात बाबा गवती टोपीत आहेत, हे येणाऱ्या प्रत्येकाला आधी दिसतं. दुसरी आईच्या पिशवीत असते. डॉक्टरांकडे गेलो की ती फोटो काढून खिडकीजवळ जाते, गालाशेजारी धरते आणि विचारते, "बघा, फरक हाय ना?" फरक आहे. थोडा आहे, पण आहे. आणि माझाही बघा म्हणून ती फोटो माझ्या गालाजवळ आणते, तेव्हा मी हसून मान बाजूला करते, कारण दवाखान्यातले सगळे बघत असतात. स्वतःच्या वेळी ती मात्र मान बाजूला करत नाही.